पाबे घाट, सहा सिलिंडर आणि आजोबांची डॉज



सुरुवातीलाच एक कबुली. माझं शिक्षण कॉन्व्हेंटचं. मराठीत सलग चार पानं मी याआधी फक्त आजीला लिहिलेल्या पत्रात लिहिली आहेत. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाकडे जरा काणाडोळा करा, मजकुराकडे लक्ष द्या. विषय आपल्या सगळ्यांच्या (निदान मेकॅनिकलवाल्यांच्या) जिव्हाळ्याचा आहे: जुन्या गाडीच्या मूळ इंजिनातून जास्त ताकद कशी काढायची?

झालं असं. माझं आजोळ भोरचं. मामांच्या वाड्यामागे पत्र्याच्या शेडमध्ये आजोबांची १९५१ ची डॉज किंग्सवे उभी असते. आजोबांनी ती पुण्यात जुनीच घेतली. आता आजोबा नाहीत, पण वर्षातून एकदा, दिवाळीत, आजी त्याच गाडीतून माहेरी जाते. आजीचं माहेर पानशेतच्या बाजूला. म्हणजे भोरहून कापूरहोळ, नसरापूर, तिथून वेल्ह्याच्या रस्त्याला लागायचं आणि मग पाबे घाट चढून पलीकडे. (२०२४ मध्ये वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करायचा निर्णय झाला, पण आजीच्या तोंडी अजून वेल्हेच आहे.)

मागच्या दिवाळीत पाबे घाटातल्या एका यू-टर्नवर गाडीने मान टाकली. दुसऱ्या गियरमध्ये धापा टाकत आली, वळणावर थांबली, आणि बंद. तिचा पहिला गियर सिंक्रोमेशचा नाही. चालत्या गाडीत टाकायला गेलं तर नुसता खरखरतो, म्हणजे पूर्ण थांबल्याशिवाय तो पडत नाही. आजी गाडीत, आम्ही सगळे खाली उतरून ढकलतोय, आणि मागून आलेला जीपवाला हसून म्हणाला, "म्युझियममध्ये द्या की राव!"

मामा त्या रात्री जेवताना म्हणाले, "बास झालं. इंजिन काढून डिझेल बसवतो. उन्हाळ्यात काम करून टाकू."

आजी काहीच बोलली नाही. ताटातला भात तसाच ठेवून उठली.

मी म्हटलं, "मामा, उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत थांबा. मी बघते." मामा हसले. "अगं, तू थर्ड इयरला. इंजिन उघडून तरी पाहिलंयस का कधी?" खरं सांगायचं तर लॅबमधलं कट सेक्शनचं मॉडेल सोडून नव्हतंच पाहिलं!

ही गाडी आहे तरी कोण?

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार करून मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज, प्लिमथ, डिसोटो या गाड्या जोडल्या जायच्या. त्यातली किंग्सवे म्हणजे मुळात प्लिमथच, निर्यातीसाठी डॉजचं नाव लावलेली.

तिचं इंजिन सरळ रांगेत सहा सिलिंडर, ३.६ लिटर, साइड व्हॉल्व्ह प्रकारचं, म्हणजे फ्लॅटहेड. बोअर ८२.५ मि.मी. आणि स्ट्रोक १११ मि.मी. स्ट्रोक इतका लांब, की इंजिन पळणारं नाही, ओढणारं आहे. कागदावर ३६०० आरपीएमला ९७ हॉर्सपॉवर. टॉर्क साधारण २३५ न्यूटन-मीटर, आणि तोही फक्त १२०० आरपीएमला! कॉम्प्रेशन रेशो ७.

इथे एक फसवणूक लक्षात ठेवा. त्या काळचे अमेरिकन आकडे 'ग्रॉस' असायचे. फॅन, सायलेन्सर वगैरे न जोडता इंजिन टेस्ट बेंचवर ठेवून मोजलेले. गाडीत बसवल्यावर त्यातले १५ ते २० टक्के वजा करायचे.

आधी गणित, मग पाना

मोठमोठे कार्बोरेटर शोधण्याआधी मी वही काढली. घाट चढायला नक्की किती ताकद लागते?

गाडी आणि चार माणसं मिळून १७५० किलो धरली. दहाला एक चढ असेल तर गुरुत्वाकर्षण मागे ओढतं सुमारे १७०० न्यूटनने. टायरच्या घर्षणाचे अडीचशे मिळवा. एकूण जवळजवळ १९७० न्यूटन. ताशी ३० कि.मी. वेगाला याचे होतात २२ हॉर्सपॉवर. गियरबॉक्स आणि मागच्या अॅक्सलमधला तोटा धरून २५.

म्हणजे ९७ पैकी फक्त २५ घोडे हवेत! मग बाकीचे गेले कुठे?

घाटात खरा प्रश्न टॉर्कचा असतो. आमच्या गाडीचा दुसरा गियर १.८३ चा, मागचा अॅक्सल ३.९ चा, चाकाची त्रिज्या ३४ सें.मी. या हिशोबाने सरळ चढावर इंजिनाला लागतो सुमारे १०७ न्यूटन-मीटर टॉर्क. पण यू-टर्नच्या आतल्या बाजूला चढ सहाला एक धरला, तर लागतात १६९.

आता इंजिन प्रत्यक्षात किती देतंय? आपल्याकडे डायनो नाही, पण स्टॉपवॉच आहे आणि न्यूटनचा दुसरा नियम आहे. भोरजवळच्या एका सपाट, रिकाम्या रस्त्यावर सकाळी सहा वाजता मामा चालवायला आणि मी घड्याळ धरून. टॉप गियरमध्ये ताशी ३० ते ६० जायला किती वेळ लागतो ते मोजायचं. दोन्ही दिशांना तीन-तीन वेळा, म्हणजे वारा आणि उतार यांचा परिणाम एकमेकांत जिरतो.

उत्तर आलं १४ सेकंद. त्यावरून त्वरण काढलं, वजनाने गुणलं, हवा आणि टायरचा अडथळा ३०० न्यूटन धरून मिळवला. इंजिनाचा टॉर्क आला १२४ न्यूटन-मीटर.

बघा! सरळ चढाला १०७ हवेत, आमच्याकडे १२४. म्हणून गाडी चढत होती. वळणावर १६९ हवेत, म्हणून तिथेच मेली. पहिल्यांदाच वहीतलं गणित आणि रस्त्यावरची फजिती एकाच जागी भेटली. (सरांनी हे व्हायव्हात विचारलं असतं तर काय बहार आली असती!)

मिस्त्रींचं निदान

वेल्ह्याच्या रस्त्यावर एक म्हातारे मिस्त्री आहेत. त्यांनी उमेदीत असल्याच इंजिनांचे फार्गो ट्रक दुरुस्त केलेत. मी त्यांना दोन कार्बोरेटर, दुहेरी सायलेन्सर वगैरे सगळा बेत सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाले, "पोरी, माणसाला धाप लागली तर त्याला आधी डॉक्टरकडं नेत्यात का तालमीत?"

मग त्यांनी प्लग काढून कॉम्प्रेशन गेज लावला. आकडे असे आले: पहिला आणि दुसरा सिलिंडर १०५ पीएसआय, तिसरा १००, चौथा ९५, पाचवा ७०, सहावा ६०.

आकडे पुढून मागे उतरत गेलेत, हे लक्षात आलं का? मला नव्हतं आलं. मिस्त्रींना आलं.

पाचव्या-सहाव्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा गेज लावला. यामागची कल्पना सोपी आहे. रिंग गळत असतील तर ऑइल फट बुजवतं आणि आकडा वाढतो. व्हॉल्व्ह गळत असेल तर आकडा तसाच राहतो. आमचा तसाच राहिला. हेड उघडलं, तर पाचव्या आणि सहाव्याचे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह कडेने जळलेले.

पण मागचेच का जळले? इथे या इंजिनाची खरी मेख आहे. पाण्याचा पंप इंजिनाच्या पुढच्या टोकाला. सहा सिलिंडरचा ब्लॉक लांबलचक. पुढून सोडलेलं थंड पाणी मागच्या सिलिंडरपर्यंत पोचेतो गरम होणार. म्हणून क्रायस्लरने ब्लॉकच्या पोटात, या टोकापासून त्या टोकापर्यंत, पत्र्याची एक लांब चपटी नळी घातली. तिला जागोजागी भोकं असतात आणि प्रत्येक एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटजवळ ती ताजं पाणी सोडते. थोडक्यात, आपल्या होस्टेलची वॉटर लाइन! नळी फुटली की पहिल्या मजल्यावर धबधबा आणि शेवटच्या खोलीत ठणठणाट.

ही नळी बाहेरून दिसत नाही. रेडिएटर आणि पंप काढल्याशिवाय हाती लागत नाही. म्हणून वर्षानुवर्षं तिच्याकडे कुणी बघत नाही. आमची तर आकडा घालून ओढली तशी गंजलेल्या तुकड्यांनी बाहेर आली. आणि गंमत म्हणजे डॅशबोर्डवरचा टेंपरेचरचा काटा इतकी वर्षं 'सगळं ठीक' म्हणत होता! तो दाखवतो एकाच जागेचं तापमान. मागे काय शिजतंय त्याचा त्याला पत्ता नाही.

हक्काचं परत मिळवणे

मग पुढचे तीन आठवडे कामाचे.

नवी नळी पुण्याच्या तांबट आळीतल्या एका कारागिरांकडून तांब्याच्या पत्र्याची करून आणली. जुन्या तुकड्यांवरून मी कागदी साचा कापून नेला होता. त्यांनी तो उलटा-सुलटा बघून विचारलं, "हे कुठल्या देवाचं?" मी म्हटलं, "डॉजचं."

व्हॉल्व्ह नवे घातले आणि सीटवर हाताने घासून बसवले. हे काम मिस्त्रींनी माझ्याकडूनच करून घेतलं. दोन दिवस तळहात दुखत होते. कुणाला वाटेल, भारतात २००० सालापासून सगळीकडे शिसंविरहित पेट्रोल आहे, मग जुन्या सीट टिकतील का? या इंजिनात एक्झॉस्टच्या सीट मुळातच कडक पोलादाच्या, वेगळ्या ठोकून बसवलेल्या आहेत. त्यामुळे ती चिंता नाही.

टॅपेटचं अंतर सेट केलं. साइड व्हॉल्व्हमध्ये टॅपेट आवाज करत असतील तर माणसं अंतर कमी करून आवाज बंद करतात. हे घातक आहे! व्हॉल्व्ह तापून लांबतो, मग पूर्ण बसत नाही आणि जळतो. मिस्त्रींच्या शब्दांत, "टिकटिक करणारा टॅपेट बरा, गप्प बसणारा नाय."

शेवटी इग्निशन. डिस्ट्रिब्युटरमधली अॅडव्हान्सची वजनं गंजून जाम झाली होती आणि व्हॅक्यूमचा पडदा फाटला होता. म्हणजे वेग वाढला तरी ठिणगी पुढे सरकत नव्हती, उशिराच पडायची. शिवाय कुणीतरी पूर्वी, कमी ऑक्टेनच्या पेट्रोलवर इंजिन टकटक करतं म्हणून, टायमिंग मुद्दाम मागे घेऊन ठेवलं होतं. आजचं पेट्रोल त्यापेक्षा कितीतरी चांगलं आहे. चढावर हलकी टकटक ऐकू येईपर्यंत टायमिंग पुढे घेतलं आणि मग दोन अंश मागे आणलं.

पुन्हा त्याच रस्त्यावर, त्याच वेळी, तेच घड्याळ. १४ सेकंदांचे झाले साडेनऊ. म्हणजे टॉर्क १६९ न्यूटन-मीटर.

लक्षात घ्या, अजून इंजिनाला आम्ही एकही 'जास्तीचा' भाग लावलेला नाही. फक्त जे हरवलं होतं ते परत दिलं.

आता थोडं जास्तीचं

पण वळणाला हवेत १६९ आणि आमच्याकडे १६९. शिवाय हजार मीटर उंचीवर हवा समुद्रसपाटीपेक्षा सुमारे १० टक्क्यांनी विरळ असते. घाट चढू तशी इंजिनाची ताकद कमीच होणार. थोडी शिल्लक हवी होती.

फ्लॅटहेडमध्ये सगळ्यात सोपा आणि स्वस्त उपाय म्हणजे हेडचा तळ मशीनवर घासून कॉम्प्रेशन रेशो वाढवणे. गणित बघा. एका सिलिंडरचं स्वेप्ट व्हॉल्यूम ५९५ सी.सी. रेशो ७ असेल तर वरची मोकळी जागा ९९ सी.सी. रेशो ७.५ हवा असेल तर जागा साडेएक्याण्णव सी.सी. लागते. आमच्या हेडवर त्यासाठी सुमारे १ मि.मी. घासावं लागलं.

यातून फायदा किती? थर्मोडायनॅमिक्सचं ऑटो सायकलचं सूत्र घाला: कार्यक्षमता ५४.१ टक्क्यांवरून ५५.३ टक्के होते. म्हणजे टॉर्कमध्ये दोन-सव्वादोन टक्के वाढ. बस्स! आणि रेशो थेट ८ केला तरी साडेचार टक्क्यांच्या आतच.

मग अजून घासू या की? नाही. इथे फ्लॅटहेडची जात आडवी येते. यात व्हॉल्व्ह पिस्टनच्या डोक्यावर नसतात, शेजारी ब्लॉकमध्ये असतात. हवा व्हॉल्व्हमधून वर येते, हेडच्या छताला लागून आडवी वळते आणि मग खाली सिलिंडरमध्ये उतरते. कॉम्प्रेशन वाढवायला छत खाली आणलं, की तीच वाट अरुंद होते. एका हाताने दिलं, दुसऱ्या हाताने काढून घेतलं. शिवाय चेंबर लांबट, ज्वालेला दूर जायचं असतं, म्हणून टकटक लवकर सुरू होते. पहिल्या महायुद्धानंतर हॅरी रिकार्डो या इंग्लिश इंजिनिअरने पिस्टनवरचं छत खाली आणून मिश्रण घुसळवणारं हेड काढलं आणि साइड व्हॉल्व्ह इंजिनांना बरंच आयुष्य मिळालं. पण वाटेचा प्रश्न मुळातून सुटला तो व्हॉल्व्ह हेडमध्ये गेल्यावरच.

दोन कार्बोरेटर आणि दुभागलेला एक्झॉस्ट हा अमेरिकेतल्या हौशी लोकांचा आवडता उपाय. त्याला अर्थ आहे. मधोमध एकच कार्बोरेटर असला की टोकाच्या सिलिंडरना मिश्रण कमी-जास्त मिळतं, शिवाय शेजारच्या दोन-दोन सिलिंडरना आत जायचा दरवाजा एकच. पण त्याचा मोठा फायदा वरच्या आरपीएमला दिसतो. घाटात आमचं इंजिन असतं पंधराशेच्या आसपास. म्हणून तो बेत मी स्वतःच्या हाताने वहीत खोडला. फार जड गेलं, पण खोडला.

पेट्रोलचं काय?

आज पंपावर मिळतं ते ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं. जुन्या गाडीसाठी याच्या दोन बाजू आहेत. ऑक्टेन ९५, म्हणून वाढवलेलं कॉम्प्रेशन ते सहज झेलतं. पण इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असतो, म्हणून त्याच हवेला पेट्रोल सुमारे ८ टक्के जास्त लागतं. जुना जेट तसाच ठेवला तर मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं आणि पुन्हा व्हॉल्व्ह जळायची सोय! जेटचं क्षेत्रफळ ८ टक्के वाढवायचं म्हणजे व्यास फक्त ४ टक्के. आम्ही मोठा जेट घातला. पेट्रोल पंपाचा पडदा आणि सगळे रबरी पाइप इथेनॉलला टिकणारे घेतले, कारण जुनं रबर त्यात फुगतं आणि तडकतं.

परीक्षा

हेड घासून बसवल्यावर वेळ आली ९ सेकंद. टॉर्क १७६. म्हणजे एकूण ५२ न्यूटन-मीटर वाढले, त्यातले ४५ दुरुस्तीचे आणि फक्त ७ 'परफॉर्मन्स'चे! (आणि हे ७ सुद्धा माझ्या स्टॉपवॉचच्या चुकीत मावतील इतकेच आहेत.)

मे महिन्यात पाबे घाटात गेलो. मामा चालवायला, शेजारी आजी, मागे मिस्त्री आणि मी. त्या यू-टर्नच्या आधी मामांनी दुसरा गियर टाकला आणि कुणीच काही बोलेना. वळणावर वेग उतरला, माणूस भरभर चालेल एवढाच राहिला. इंजिनाचा आवाज जड झाला. पण तुटला नाही. एक, दोन, तीन... आणि चाकं सरळ झाली. १६९ ला १७६, म्हणजे आपल्या भाषेत काठावर पास. पण पास!

वर पोचल्यावर मामांनी गाडी बाजूला घेतली, बॉनेट उघडलं आणि हात मागच्या सिलिंडरच्या बाजूला नेला. मग नुसतं "हं" म्हणाले. आजीने खिडकीतून विचारलं, "डिझेलचं काय ठरलं?" मामा म्हणाले, "कसलं डिझेल?"

मामांसाठी मी कायद्याचा मुद्दाही तयार ठेवला होता. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात राखलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते, 'व्हीए' अक्षरांची वेगळी नंबरप्लेट मिळते. रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला ती चालत नाही, पण आमची तर वर्षातून एकदाच निघते. इंजिन बदललं असतं तर हा दरवाजा बंद झाला असता. पण मुद्दा मांडायची वेळच आली नाही.

एक सूचना राहिली. इंजिन सुधारलं म्हणून ब्रेक सुधारत नाहीत. चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत, उतारावर तापले की पकड सोडतात. ज्या गियरने घाट चढलात त्याच गियरने उतरा, हा मिस्त्रींचा नियम आम्ही पलीकडे उतरताना पाळला.

तर मंडळी, सार एवढंच. जुन्या इंजिनातून जास्त ताकद काढायची असेल तर आधी मोजा, मग त्याचं हरवलेलं हक्काचं त्याला परत द्या, आणि त्यानंतरच नवीन काही मागा. तुमच्यापैकी कुणाच्या गावी शेडमध्ये अशी एखादी सहा सिलिंडरवाली झोपलेली असेल, तर मेसमध्ये मला गाठा. कॉम्प्रेशन गेज मिस्त्रींनी मलाच देऊन टाकलाय. चहा मात्र तुमच्याकडून!